रुसवीला पाणी

झाडाला पाणी घालून मारता येतं, असं कोणी सांगितलं तर आपण म्हणू, काहीतरीच! पाण्याने का कधी झाड मरतं? पण रुसवीचं तसंच आहे, आणि म्हणूनच लोक तिला रुसवी म्हणतात. समुद्राकाठच्या ज्या कोरड्या, खारट वाळूत उगवायला गवतसुद्धा नाक मुरडतं, तिथे ही बया ऐटीत वाढते. थंडी लागली की पालवते, जांभळ्या लोकरीच्या गोंड्यांसारखी फुलं अंगभर मिरवते, आणि उन्हाळा आला की पानं टाकून नुसत्या काड्या घेऊन बसते. बघणाऱ्याला वाटावं, गेली बिचारी. गेलेली नसते, रुसलेली असते. अशा वेळी तिची समजूत काढायला जायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं. भर उन्हाळ्यात कोणाला दया आली आणि पाणी घातलंच, तर ती आधी छान हिरवी होते. बघणारा खूश होतो. तोवर खाली त्याच पाण्याने मुळं कुजायला लागलेली असतात, आणि महिनाभरात झुडूप आडवं होतं.

हे त्या किनाऱ्यावर थोरलीइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि थोरलीने ज्याला हाताला धरून शिकवलं तो तिचा धाकटा भाऊ. नर्सरी दोघांची. रस्त्याच्या अंगाला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मध्ये हिरव्या जाळीखाली रोपांच्या पिशव्या, आणि पलीकडे समुद्राच्या बाजूला वाळूचा लांबच लांब उंचवटा. त्या उंचवट्यावर रुसवीची रांग. थोरलीने ती पोरवयात एकेक फांदी खोचून लावलेली. रांग होती म्हणून वाळू जागच्या जागी होती, खारा वारा अडत होता आणि जाळीखालची रोपं जगत होती. रांग गेली की नर्सरी गेली, यात कोणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती.

धाकटा रांगत होता तेव्हा त्यांची आई गेली. वडिलांनी पुढे अंथरूण धरलं ते सोडलंच नाही. थोरलीचं लग्नाचं वय भावाचं नाक पुसण्यात आणि बापाला औषध पाजण्यात निघून गेलं. कोणी कीव करायला आलं तर ती फटकन म्हणायची, "बाकीच्या बायकांना आधी नवरा वाढवावा लागतो, मग पोर. माझं एक काम वाचलं." जीभ अशी तिखट, पण धाकट्याला तिने तळहाताच्या फोडासारखं जपलं. शाळेतून आला की तो तिच्या मागे मागे हिंडायचा. फांदी कुठे छाटायची, माती किती दाबायची, सगळं तिने त्याला शिकवलं. झुडूप जिवंत आहे का मेलं हे कसं ओळखायचं? फांदीची साल नखाने खरवडायची. खाली हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी दिसलं तर हात जोडायचे. तो मोठा झाला, मिशा आल्या, लग्न झालं, तरी ती त्याला बारक्या म्हणायची आणि तोही ओ द्यायचा.

शेजारच्या लॉजवाल्याचा डोळा त्या जागेवर होता. गृहस्थ मोठा गोड. कुंडी घ्यायच्या निमित्ताने यायचा, ताकाला येऊन भांडं लपवायचा. धाकट्याला मात्र ते भांडं पहिल्या दिवसापासून दिसत होतं आणि आवडतही होतं. "ताई, शहरात दुकान टाकू," तो म्हणायचा. "कुंड्या, खतं, बियाणं, सगळं एका छपराखाली. काचेचं दार. डोळ्यात वाळू नाही, ओठावर मीठ नाही." थोरली म्हणायची, "काचेच्या दारातून झाडं बघायची असतील तर खुशाल जा. मी इथेच बरी." जागा दोघांच्या नावावर होती. दोघांच्या सहीशिवाय पान हलणार नव्हतं.

एकदा लॉजवाला फारच मागे लागला तेव्हा थोरलीचा पारा चढला. उंचवट्याकडे बोट करून ती म्हणाली, "ही रुसवी उभी आहे तोवर माझी सही मिळायची नाही. रांग मेली की या. त्या दिवशी पेनसुद्धा तुमचंच घेईन!" लॉजवाला हसला. थोरली हसली. धाकटाही हसला. रागात बोललेलं वाक्य, कोण मनावर घेतो?

त्याच वर्षी उन्हाळा तोंडावर आला आणि थोरलीचा गुडघा कामातून गेला. डॉक्टर म्हणाले, नवा बसवावा लागेल. दवाखाना शहरात. ऑपरेशन झाल्यावरही व्यायामासाठी तिथेच राहायचं. थोरलीने आयुष्यात घर एवढे दिवस सोडलं नव्हतं. निघताना तिने जाळीखाली एक फेरी मारली आणि धाकट्याला म्हणाली, "बाकी काही चुकलं तर चुकू दे. रांगेकडे तेवढं बघायचं नाही."

"बघायचं नाही म्हणजे?" धाकट्याच्या बायकोने विचारलं. पोरगी साधी होती, आतल्या गावाकडची, सासरी तिचा हा पहिलाच उन्हाळा.

"अगं, ताईचं असंच असतं," धाकटा म्हणाला. "चल, गाडी आली."

दवाखान्यात धाकट्याने बहिणीची जी सेवा केली, तिला तोड नाही. एक दिवसाआड बसने यायचा, घरून डबा आणायचा. व्यायाम शिकवणारी बाई दाखवायची ते नीट बघून ठेवायचा: रुग्णाला उठवताना एक हात काखेत, दुसरा कोपराखाली, घाई करायची नाही, वजन पायावर उतरेपर्यंत थांबायचं. थोरली पहिलं पाऊल टाकताना कळवळली तेव्हा त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं. दुपारभर तो तिचे तळपाय दाबत बसायचा. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "बाई गं, पोटच्या पोराने केलं नसतं. नशीब काढलंस." थोरली वरवर म्हणाली, "वळण कोणाचं आहे!" पण आतून ती फुलून गेली होती.

आणि तो आला की ती पहिला प्रश्न विचारायची, "वाळली का रे?"

"कडकडीत," तो म्हणायचा. "काडी मोडली तर आवाज येतो."

"शाब्बास," थोरली म्हणायची, आणि तिला त्या दिवशी चांगली झोप लागायची.

घरी परतायचा दिवस आला. भाड्याच्या गाडीतून उतरताना धाकट्याने तिला अलगद उभं केलं, हातात काठी दिली. समोरची शिंपीण मशीन सोडून धावत आली. "आलात बाई! या, या. आणि आधी मागे जाऊन बघा, भावाने काय नंदनवन केलंय तुमचं. अख्खी गल्ली बघून जाते. या दिवसांत इतकं हिरवं मी जन्मात पाहिलं नाही!"

"काय हिरवं?" थोरलीने विचारलं.

"तुमची ती काटकुळी झुडपं हो! पानांनी नुसती लदबदलीत."

थोरली खोल्यांमध्ये शिरलीच नाही. कडेकडेने, काठी टेकत, जाळी ओलांडून ती मागे गेली. वर ऊन मी म्हणत होतं, वाळूतून वाफा निघत होत्या, आणि उंचवट्यावर रुसवीची अख्खी रांग हिरवीगार उभी होती. कोवळी, लुसलुशीत पानं वाऱ्यावर हलत होती. दुसऱ्या कोणी ते बघून टाळ्या वाजवल्या असत्या.  थोरली वाळूत बसणार होती, पण नवा गुडघा वाकेना, म्हणून ती उभीच राहिली.

"पाणी कोणी घातलं?"

भावजय पदराने हात पुसत मागे येऊन उभी होती. तिने तोंड उघडलं, पण धाकटा आधी बोलला. "हिने गं, ताई. मी तुझ्याकडे, रात्री उशिरा परतायचो, अंधारात मला काय दिसतंय? हिला दया आली. हिला बिचारीला काय ठाऊक?"

भावजयीने नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. "चुकलं, ताई," ती म्हणाली.

थोरलीच्या ओठावर शिव्यांची रांग आली होती. पण त्या पोरीचा चेहरा बघून तिने त्या गिळल्या. पोरीने दया केली, यात तिचा काय गुन्हा? आपणच जाताना दोन शब्द धड सांगितले नाहीत, 'बघायचं नाही' म्हणे! असं कोड्यात कोणी बोलतं का? इतकी वर्षं जपलं ते सगळं आपल्याच तुटक बोलण्याने घालवलं, असं थोरलीला वाटलं, आणि ती स्वतःवरच चिडली.

"रडू नकोस," ती भावजयीला म्हणाली. "झालं ते झालं. पाइप उचल आधी. बारक्या, फावडं आण. झुडपांच्या कडेने चर मार, ओल बाहेर निघाली तर निघाली."

धाकट्याने घाम गाळून चर खणले. भावजयीने ओली वाळू घमेल्याने उपसून कोरडी टाकली. थोरली खुर्ची टाकून बसायची आणि नखाने साल खरवडत एकेक झुडूप बघायची. पहिल्या दिवशी सगळी आतून हिरवी निघाली. मग शेंड्याची पानं लुळी पडली. मग टोकाच्या झुडपाची साल खालून तपकिरी निघाली, मग त्याच्या शेजारच्याचीही. एक झुडूप धाकट्याने हलक्या हाताने ओढलं तर वाळूतून मुळासकट वर आलं. मुळं काळी पडली होती, बोटाला चिकट लागत होती. भावजय तो वास सहन न होऊन बाजूला गेली आणि हमसून हमसून रडायला लागली. "माझ्या हाताने मेली," ती म्हणत राहिली. धाकटा तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "पुरे आता. ताई कुठे रागावल्ये तुझ्यावर?"

थोरलीला तेव्हा भावाचं कौतुकच वाटलं. बघा, बायकोला कसं सांभाळून घेतो!

वारा पडला नव्हताच कधी, आता त्याला अडवायला कोणी उरलं नव्हतं. वाळू जाळीखाली येऊन रोपांच्या पिशव्यांत बसायला लागली, खिडकीच्या चौकटीत साचायला लागली, जेवताना दातांखाली यायला लागली. धाकटा एकदा जेवताना हळूच म्हणाला, "ताई, लॉजवाले भेटले होते. तुझी चौकशी करत होते."

"करू दे."

"तसं नाही. आता नवी रांग लावायची म्हणजे वर्षं जाणार. तुझा गुडघा हा असा. तू वाळूत वाकणार कशी?"

खरंच होतं की ते!  रात्री अंथरुणावर पडून थोरलीने पहिल्यांदा त्या काचेच्या दाराचा विचार केला. दुकानात एका खुर्चीवर बसून आपण गिऱ्हाइकांना काय सांगणार, याची कल्पना करून बघितली. अगदीच वाईट नसेल कदाचित. धाकटा शेजारी असेल, पोरगी असेल, उद्या त्यांची पोरं येतील. सही करून टाकावी, असं जवळजवळ ठरवूनच ती झोपली. सकाळी तिने धाकट्याला सांगितलंही, "उद्या बोलाव त्या लॉजवाल्याला." धाकट्याने तिच्या हातातला कप घेतला आणि बराच वेळ तसाच धरून उभा राहिला. "बरं, ताई," एवढंच म्हणाला.

त्याच दुपारी ती आतल्या खोलीत पाय उशीवर ठेवून पडली होती. तिची खिडकी पुढच्या विक्रीच्या गल्ल्यामागेच उघडायची. पुढे कोणी गिऱ्हाईक आलं होतं. आवाज ओळखीचा, चष्मेवाल्या बाईंचा. गेल्या थंडीत त्यांनी हौसेने रुसवीचं एक रोप नेलं होतं.

"अहो, तुमचं झाड वाळलं!" बाई तक्रारीच्या सुरात म्हणाल्या. "फांद्याच उरल्यात. मी आजपासून दोन वेळा पाणी घालायला लागू का?"

"खबरदार!" धाकटा म्हणाला. "झारीला हात लावायचा नाही. ती मेलेली नाही, रुसल्ये. रुसल्या माणसाच्या मागे मागे करू नये. तुम्हाला दया आली तर घरात जा, कडी लावा, उशीत तोंड खुपसा, पण पाणी घालू नका."

बाई हसल्या. थोरलीही आत पडल्या पडल्या हसली. अक्षर न् अक्षर तिचं होतं. कडी आणि उशीसकट.

"आणि घातलं तर काय होईल हो?" बाईंनी विचारलं.

"काय होईल? आधी अशी हिरवी होईल की तुम्ही मला दुवा द्याल. शेजारीपाजारी बघायला येतील. आणि मग एके दिवशी हाताला धरलीत तर मुळासकट उपटून येईल. उन्हाळ्यातली हिरवी रुसवी म्हणजे मेलेली रुसवी. माझ्या बहिणीने मला हे पाटीपेन्सिलीच्या आधी शिकवलंय."

बाई हसत हसत गेल्या. थोरलीचं हसू तोंडावरच राहिलं.

मन कसं असतं बघा. ते आधी भावाच्या बाजूने धावलं. त्याला माहीत आहेच की, त्यात नवल काय? पाणी तर पोरीने घातलं. तो अंधारात परतायचा, त्याला दिसलं नसेल. पण एक दिवसाआड ना? मधल्या दिवशी तो कुठे असायचा? घरीच. जाळीखाली, रोपांत, रांगेपासून हाकेच्या अंतरावर. अख्खी गल्ली हिरवळ बघायला येत होती आणि त्या घरात राहणाऱ्याला ती दिसली नाही? आणि मग 'कडकडीत' कोण म्हणायचं? 'काडी मोडली तर आवाज येतो' कोण म्हणायचं? थोरली उठून बसली. 

तिने भावजयीला हाक मारली. पोरगी हात ओले तसेच घेऊन आली.

"ये, बस इथे. मी रागावणार नाही. मला एवढंच सांग, पाणी घालायचं तुझ्या मनात आलं का कोणी सांगितलं?"

पोरगी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग एकदम बांध फुटल्यासारखी बोलायला लागली. "ताई, ह्यांना काही बोलू नका हं. चूक झाली त्यांच्याकडून. तुमचा दवाखान्यातून निरोप आहे म्हणाले, झुडपं आता म्हातारी झालीत, यंदा त्यांना सकाळ-संध्याकाळ पाणी लागेल. मी म्हटलं, ताई तर बघायचंसुद्धा नाही म्हणाल्या. तर म्हणाले, तेच तर बदललंय. मग तुम्ही यायच्या आदल्या दिवशी डोकं धरून बसले. म्हणाले, माझा ऐकण्यात घोटाळा झाला, ताईने कुंड्यांबद्दल सांगितलं होतं. मी विसरलोच. ताई मला घरात ठेवायची नाही, तुझ्यावर मात्र ओरडणार नाही. तू घेशील का अंगावर? मी म्हटलं, घेते. त्यात काय! माणूस तुमच्या आजारपणात धावत होता, त्याचं चुकणारच की."

थोरलीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. कुंपणाने शेत खाल्ल्याचं आपण येता-जाता बोलतो, पण खाताना कुंपण कसं दिसतं हे तिने आज पाहिलं. पोरीला ती एवढंच म्हणाली, "जा, तुझं काम कर." त्या दिवशी ती जेवली नाही. धाकट्याने विचारलं, "पाय दुखतोय का?" ती म्हणाली, "हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजवाला आला. इस्त्रीचा शर्ट, काखेत पिशवी, चेहऱ्यावर सुतक. थोरली जाळीखाली तिच्या नेहमीच्या बुटक्या बाकावर बसली होती. डॉक्टरांनी बुटक्या जागी बसू नका म्हणून बजावलं होतं, पण रोपं भरायची तिची जागा तीच, आणि आज तिला तिथेच बसायचं होतं. धाकट्याने पाहुण्याला खुर्ची दिली. भावजय चहाचा ट्रे घेऊन आली. तिचे डोळे अजून सुजलेलेच होते.

"फार वाईट झालं हो," लॉजवाला म्हणाला. "एवढी जुनी झाडं. पण तुम्हीच म्हणाला होता, तेव्हा मी म्हटलं..."

"थांबा जरा," थोरली म्हणाली. "बारक्या, काल त्या चष्मेवाल्या बाई आल्या होत्या, त्यांना काय सांगितलंस रे?"

"कोण बाई?"

"ज्यांची रुसवी वाळली. पाणी घालू का म्हणून विचारायला आल्या होत्या. तू काय म्हणालास?"

धाकट्याच्या तोंडावरचा रंग उतरला. "अगं, गिऱ्हाईक आलं की काहीतरी..."

"काहीतरी नाही. फार छान सांगितलंस. मला जमलं नसतं इतकं छान. उन्हाळ्यातली हिरवी रुसवी म्हणजे काय, ते हिला सांग. ही पोरगी मी आले त्या दिवसापासून रडत्ये, हिला ऐकू दे."

 भावजय ट्रे तसाच धरून एक पाऊल पुढे आली.

"तुम्ही विसरलो म्हणाला होता," ती नवऱ्याला म्हणाली. आवाज अगदी बारीक. "विसरलो म्हणालात ना?"

आता तरी त्याने हो म्हणावं! थोरली मनातून अक्षरशः पदर पसरून उभी होती. म्हण, विसरलो. म्हण, डोकं ठिकाणावर नव्हतं. मी विश्वास ठेवेन. सगळं गाव हसलं तरी ठेवेन.

"काय विसरणार?" धाकटा एकदम ओरडला. "दुसरं काही शिकवलंय का हिने मला? लहानपणापासून उठता-बसता रुसवी! ताई, शहरात जाऊ. नको, रुसवी. ताई, माझं लग्न झालंय, माझं काहीतरी वेगळं होऊ दे. नको, रुसवी. मी काय मागत होतो? तूसुद्धा चल म्हणत होतो! सोडून जात नव्हतो तुला. रांग मेली की या, असं तूच म्हणालीस. म्हणालीस की नाही?"

"मेली की या म्हणाले होते," थोरली म्हणाली. "मारा म्हणाले नव्हते."

लॉजवाला घसा खाकरून उठला. "घरचा मामला आहे, मी नंतर येतो."

"नंतरही येऊ नका. सही मिळायची नाही. आता तर वाळूच उरल्ये, ती मी कोणालाच देणार नाही. चहा घ्यायचा तर घेऊन जा."

त्याने चहा घेतला नाही. तो गेला. भावजयीने ट्रे मातीवर ठेवला, नवऱ्याकडे न बघता त्याच्या अंगावरून खोलीत गेली आणि तिने आतून कडी घातली. कडीचा आवाज दोघांनीही ऐकला.

धाकटा खाली बघत राहिला. ओरडून झाल्यावर तो पुन्हा लहान दिसायला लागला होता. "ताई," तो म्हणाला, "दवाखान्यात केलं ते खोटं नव्हतं. तुझे पाय दाबले, डबे आणले, ते मी मनापासून केलं. तुझी शपथ."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

"खोटं असतं तर बरं झालं असतं रे. दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. म्हटलं असतं, साप पोसला. पण तू सकाळी हिच्या हातात पाइप द्यायचास आणि दुपारी येऊन माझ्या उशाशी रडायचास. दोन्ही मनापासून! मी कुठल्या बारक्याला वाढवलं, तेच मला कळेना झालंय." तिचा आवाज फाटला. तिने तो सावरला नाही. "मी विचारायचे, वाळली का रे. आणि तू माझ्या डोळ्यात बघून कडकडीत म्हणायचास. मला झोप लागायची त्या शब्दावर."

त्याने वाऱ्याने कलंडलेली एक रोपाची पिशवी उचलून सरळ केली.

"तुझं सामान घे आणि आज निघ. हिला यायचं असेल तर येईल, राहायचं असेल तर राहील, ते तिचं ती ठरवेल."

"कुठे जाऊ?"

"शहरात. काचेच्या दाराच्या आत."

"आणि तुझं कोण बघणार? अजून तुला धड..."

"माझं मी बघेन."

म्हणाली खरी. धाकटा पाठ फिरवून खोलीकडे निघाला. थोरलीने काठी टेकली आणि उठायला गेली. बाक बुटका, काठी सैल वाळूत रुतली, नवा गुडघा अर्ध्यावर अडला आणि ती धपकन पुन्हा खाली बसली. तिने काठी दुसऱ्या बाजूला टेकून पाहिली. पुन्हा तेच. कपाळावर घाम आला. खोलीचं दार बंद होतं. वारा तोंडावर वाळू मारत होता आणि ती पुसायला हात मोकळा नव्हता. रागाने तिला स्वतःचाच पाय तोडावासा वाटला.

"बारक्या," ती म्हणाली. सवयीने. तोंडातून निघून गेलं. आणि मग दुसरा मार्गच नव्हता म्हणून पुढचंही म्हणाली, "हात दे."

तो परत आला. एक हात तिच्या काखेत, दुसरा कोपराखाली, शिकवलं होतं तसं. घाई केली नाही. तिला सावकाश वर घेतलं आणि तिचं वजन पायावर उतरेपर्यंत थांबला. मग वाकून काठी उचलली, तिची वाळू पुसली आणि तिच्या हातात दिली. थोरलीची बोटं त्याच्या मनगटावर घट्ट होती. ती लगेच सुटली नाहीत. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

मग तिने त्याचं मनगट सोडलं.

"आता जा," ती म्हणाली.